सात वर्षांची करवी, पाच वर्षांची फेलोशिप

पीएच.डी. करणारी मुलगी दिवाळीत गावी गेली, की फराळाच्या ताटाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो : "अजून झालं नाही का?" विचारणारे मामा-मावशी वाईट हेतूने विचारत नाहीत. त्यांच्या माहितीतल्या सगळ्या परीक्षांना वेळापत्रक असते, निकालाची तारीख असते, आणि एम.एस्सी. उत्तम गुणांनी झालेल्या माणसाला त्यापुढे आणखी सहा-सात वर्षे कशाला लागावीत, हे त्यांना खरोखरच उमगत नाही. हाच प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अधिक तिखट होऊन आला. 'सारथी' या राज्य शासनाच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी (फेलोशिपसाठी) किती विद्यार्थी घ्यायचे यावर बोलणे चालले असताना सरकार पक्षाकडून 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार' अशा अर्थाचे उद्गार निघाले, राज्यभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी संताप व्यक्त केला, खुलासे झाले आणि विषय मागे पडला. त्या गदारोळात एक गोष्ट बोलायची राहून गेली. मामांचा प्रश्न आणि सभागृहातला उद्गार या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे : पदवीला लागणारा वेळ हा विद्यार्थ्याच्या गुणदोषांचा हिशेब असतो, म्हणजे हुशार असेल त्याचे लवकर होते आणि रेंगाळणाऱ्याचे उशिरा. जीवशास्त्रांच्या बाबतीत ही समजूत बहुतांशी चुकीची आहे, आणि आपली फेलोशिपची सगळी व्यवस्था नेमकी तिच्यावरच उभी आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही समजूत चुकीची का, हे कळण्यासाठी थोडे प्रयोगशाळेत शिरावे लागेल. ई. कोलाय हा जिवाणू चांगले पोषण आणि योग्य तापमान मिळाले तर सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी तो प्लेटवर पसरला, तर सकाळी येऊन त्याच्या वसाहती मोजता येतात. क्षयरोगाचा जंतू दुप्पट व्हायला अठरा ते चोवीस तास घेतो, आणि घट्ट माध्यमावर त्याच्या वसाहती डोळ्यांना दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. दोन विद्यार्थिनींनी एकाच वर्षी, एकाच परीक्षेतून फेलोशिप मिळवली, एकीने पहिला जिवाणू घेतला आणि दुसरीने दुसरा, असे समजू. दोघींच्या प्लेटवर एकदा बुरशी चढली, तर पहिलीची एक रात्र वाया जाते आणि दुसरीचा महिना-दीड महिना. बुरशी सगळ्यांच्याच प्लेटवर कधी ना कधी चढते. त्यामुळे दुसरीला पहिलीहून दीड वर्ष अधिक लागले, तर तिच्या बुद्धीबद्दल किंवा कष्टांबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही. भारतात क्षयरोगाचा भार जगात सर्वाधिक आहे, हे लक्षात घेतले तर दुसरीनेच देशाला अधिक गरजेचे काम निवडले, असेही म्हणता येईल.

उंदरांचे गणित आणखी वेगळे. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, पिल्ले आईपासून दूर करायला आणखी तीन आठवडे, आणि ती प्रजननक्षम व्हायला जन्मापासून सहा ते आठ आठवडे; म्हणजे एक पिढी साधारण तीन महिन्यांची धरावी. आता दोन वेगवेगळ्या जनुकांत बदल असलेले उंदीर एकत्र आणून दोन्ही बदल जनुकांच्या दोन्ही प्रतींवर असलेला उंदीर हवा असेल, तर पहिल्या पिढीत तो मिळतच नाही, आणि दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या हिशेबाने सोळांत एक मिळतो. एका वेतात पिल्ले साधारण सहा ते आठ होतात. प्रयोगाला निदान दहा-बारा प्राणी हवेत, आणि ते सारख्या वयाचे व शक्यतो एकाच लिंगाचे हवेत. खऱ्या प्रयोगाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी वर्ष सहज संपते, आणि त्या वर्षाच्या प्रगती अहवालात लिहिण्यासारखे एवढेच असते, की उंदीर वाढवले. संशोधन वार्धक्याशी निगडित असेल तर तेच उंदीर दीड-दोन वर्षांचे म्हातारे होईपर्यंत सांभाळावे लागतात. त्यांना लवकर म्हातारे व्हा म्हणून सांगता येत नाही.

पीकशास्त्रात हंगाम हेच घड्याळ असते. रब्बी ज्वारी वर्षातून एकदा पेरायची. दोन वाणांचा संकर करून, दुष्काळ सोसण्याचा गुण कोणत्या जनुकाशी जोडलेला आहे हे पाहायचे, तर संततीचे वाण स्थिर व्हायला सहा ते आठ पिढ्या जाव्या लागतात. म्हणून पीकशास्त्रातले बहुतेक विद्यार्थी आधीच्या कोणीतरी तयार करून ठेवलेल्या वाणांवर काम करतात, आणि असा वारसा ज्या विभागात नसतो तिथे तो प्रश्न कोणी हातीच घेत नाही. सह्याद्रीत काम करणाऱ्यांची तर याहून पंचाईत. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा भेक (बेडकाचा एक प्रकार) आढळतो, विज्ञानाने त्याचे वर्णन २००९ मध्ये केले. पावसाच्या सुरुवातीच्या सरींनंतर कातळावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते, आणि हा सगळा सोहळा थोड्या दिवसांत आटोपतो. त्या दिवसांत तुम्ही तिथे नसलात, तर पुढची संधी बारा महिन्यांनी. म्हणजे पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये अशा विद्यार्थ्याच्या वाट्याला फार तर पाच वेळा निरीक्षणाची संधी येते. त्यातही पहिला पावसाळा जागा ओळखण्यात जातो, आणि एखाद्या वर्षी पाऊसच वेड्यासारखा वागतो. आणि करवी? सह्याद्रीच्या उतारांवरचे हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी सगळे डोंगर जांभळे होतात, बिया पडतात आणि झाडे मरतात. करवीच्या एका फुलोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचे चक्र अभ्यासणारा पीएच.डी.चा विद्यार्थी आजच्या नियमांत बसतच नाही. तो विषय घेऊन कोणी मार्गदर्शकाकडे गेला, तर मार्गदर्शक त्याला प्रेमाने दुसरा विषय देतील, आणि ते बरोबरच करतील.

आता शासनाचे कॅलेंडर पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळू शकतात, स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. नियमावली लिहिणाऱ्यांना वेळेची अडचण ठाऊक आहे, हे यावरून दिसते. पण पैशाचे नियम लिहिणाऱ्यांना ती ठाऊक नसावी. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) आणि यूजीसी यांच्या नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप दोन वर्षांची, त्यापुढची वरिष्ठ तीन वर्षांची, आणि पाच वर्षे झाली की खाते बंद. पदवीसाठी सहा वर्षे रीतसर मान्य आहेत आणि जगण्यासाठी पाच, तर मधल्या बारा महिन्यांत एकतीस वर्षांच्या माणसाने काय खावे, याचे उत्तर दोन्ही कागदांत नाही. प्रत्यक्षात तो शिकवण्या घेतो, एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, किंवा घरून पैसे मागवतो. ज्याच्या घरी मागवण्याजोगे पैसे नाहीत त्याचा प्रबंध तिथेच थांबतो. 'बार्टी', 'सारथी' आणि 'महाज्योती' या राज्याच्या संस्थांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनांत फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या ही मागणी पुन्हा पुन्हा आली, तिचेही मूळ हेच आहे. पदवीचे घड्याळ नोंदणीच्या दिवशी सुरू होते, आणि पैशाचे घड्याळ जाहिरात, छाननी, परीक्षा व निवड यादी होऊन कधीतरी नंतर.

ही विसंगती किती निर्विकारपणे जपली जाते, ते कोविडच्या काळात दिसले. प्रयोगशाळा बंद पडल्या, पेशी गोठवून ठेवाव्या लागल्या, प्राणिगृहांतील उंदरांची संख्या कमी करावी लागली, २०२० चा पावसाळा क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या हातून पूर्ण गेला. आयोगाने प्रबंध सादर करण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण मुदतवाढीच्या सूचनेतच हेही लिहिले होते, की फेलोशिपचा कालावधी पाच वर्षांचाच राहील. काम करायला अधिक वेळ घ्या, त्या वेळात पगाराची अपेक्षा मात्र ठेवू नका, असा त्याचा सरळ अर्थ होता.

करदात्याच्या बाजूनेच हिशेब करू. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. दोन वर्षे ३७ हजारांनी आणि तीन वर्षे ४२ हजारांनी धरली, तर एका विद्यार्थ्यावर पाच वर्षांत बरोबर २४ लाख रुपये खर्च होतात. घरभाडे भत्ता, रसायने, उपकरणे आणि मार्गदर्शकाचा वेळ यांचा खर्च याहून निराळा. सहाव्या वर्षाची रक्कम होते ५ लाख ४ हजार. हे पाच लाख वाचवण्यासाठी आपण आधीचे २४ लाख पणाला लावतो, कारण अनुभवी माणूस सांगेल की जीवशास्त्रातला अर्ध्याहून अधिक उपयोगी डेटा शेवटच्या दीड-दोन वर्षांत हाती येतो. तोवर हात बसलेला असतो, जनावरे किंवा वाण तयार असतात, आणि कुठे चुकते हे कळलेले असते. नेमक्या त्याच काळात विद्यार्थी अर्धा वेळ नोकरी शोधत असेल, तर नुकसान त्याचे होतेच, आणि शासनाचेही होते. बांधकाम स्लॅबपर्यंत आणून प्लास्टरचे पैसे नाकारणारा घरमालक शोधून सापडणार नाही.

पैसा किती, याइतकेच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचे आहे. शासनाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. मार्चपूर्वी पैसे खर्च करायचे, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, लेखापरीक्षण व्हायचे, आणि मग पुढचा हप्ता सुटायचा, असा क्रम आहे. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. पण हा हप्ता प्रकल्पाच्या खात्यात प्रत्यक्ष पडायला अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, आणि आंबोलीचा भेक जूनमध्ये अंडी घालून मोकळा झालेला असतो. जीप भाड्याने घ्यायला, गावात खोली घ्यायला आणि वाटाड्याला मजुरी द्यायला लागणारे पैसे विद्यार्थी स्वतःच्या फेलोशिपमधून घालतो, आणि ती फेलोशिपही दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येतेच असे नाही. तीन-चार महिन्यांची थकबाकी एकदम मिळणे यात संशोधकांना आता नवल वाटत नाही. प्रयोगशाळेत बसणाऱ्याची अडचण निराळी. त्याची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) आणि विकरे (एन्झाइम्स) बहुधा परदेशातून येतात, शुष्क बर्फात पॅक करून. कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, विमानतळावरची सीमाशुल्क तपासणी या सगळ्यात दोन-दोन महिने जातात, आणि मधल्या शनिवार-रविवारी बर्फ उडून गेला तर खोके उघडून फेकून द्यायचे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळांच्या रसायनांवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेले गेले. ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत ते पूर्वपदावर आणले, हे खरे. परंतु एखाद्या ओळीतली दुरुस्ती किती जणांच्या प्रयोगांना खीळ घालते, याचा अंदाज ती ओळ लिहिणाऱ्याला नव्हता, हे त्यातून कळले. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलच्या बाहेरून खरेदीची मोकळीक दिली आणि खरेदीच्या मर्यादाही वाढवल्या. खरेदीतला विलंब म्हणजे संशोधनातला विलंब, हे तत्त्व त्यामुळे शासनाने एकदा मान्य केले आहे. मग त्या विलंबाची किंमत विद्यार्थ्याच्या पाच वर्षांतून का वळती व्हावी?

याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. पहिला प्रश्नांच्या निवडीत. मार्गदर्शक दयाळू असेल तर विद्यार्थ्याला असा विषय देतो, जो चार वर्षांत निश्चित संपेल. म्हणजे ज्याचे उत्तर साधारण ठाऊक आहे असा. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क काढून तो तमुक जिवाणूंवर लावून पाहिलेला असतो, अर्काभोवती जिवाणू मरून पडलेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजलेला असतो, आणि 'या वनस्पतीत औषधी गुणधर्म आहेत' असा निष्कर्ष असतो. या कामाची मी चेष्टा करत नाही. उपकरणे नसलेल्या आणि बारा-बारा तास वीज जाणाऱ्या गावातल्या महाविद्यालयात तेवढेच शक्य असते. पण उत्तम सुविधा असलेल्या संस्थांतसुद्धा सावकाश वाढणारे जीव, ऋतूंवर अवलंबून असलेले प्रश्न आणि दीर्घकाळाची निरीक्षणे टाळली जातात, तेव्हा हे प्रश्न देशात कोणीच विचारत नाही. सह्याद्रीचे बेडूक, कोरडवाहू पिके आणि क्षयरोग हे तर आपलेच प्रश्न आहेत. ते अन्य कोणी आपल्यासाठी सोडवून देणार नाही.

दुसरा परिणाम प्रामाणिकपणावर होतो. आयोगाच्या २००९ आणि २०१६ च्या नियमावल्यांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट होती. चांगल्या नियतकालिकात निबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष जाऊ शकते, परीक्षक नवे प्रयोग सुचवतात, आणि विद्यार्थ्याच्या हाती त्यातले काहीच नसते. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला. आयोगाच्या मान्य यादीतही ती घुसली, आणि मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नावे यादीतून काढावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने मग 'यूजीसी-केअर' यादी आली, तीही २०२५ मध्ये गुंडाळली गेली, आणि २०२२ च्या नियमावलीने निबंधाची सक्ती काढून टाकली. काढली हे बरेच झाले. मात्र अनेक विद्यापीठांनी आणि विभागांनी ती आपल्या पातळीवर राखली, आणि मुलाखतीत तर निबंधांची संख्या मोजली जातेच. एका बाजूला पाच वर्षांची भिंत, दुसऱ्या बाजूला निबंध, आणि मध्ये न जमलेला प्रयोग, अशा कोंडीत माणसाकडून काय होऊ शकते, याची कल्पना करायला फार अनुभव लागत नाही.

मी स्वतः पेशीसंवर्धनाचे काम केले आहे. तिसऱ्या वर्षी माझ्या पेशींना मायकोप्लाझ्माचा संसर्ग झाला. हा जिवाणू इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही आणि माध्यमही गढूळ होत नाही. पेशी वाढत राहतात, फक्त वेगळ्या वागतात. चाचणी केली तेव्हा कळले, की गेल्या चार महिन्यांतली एकही आकडेवारी विश्वासार्ह नाही. ती सगळी टाकून द्यावी लागली. त्या सहामाहीच्या अहवालात काय लिहायचे असे विचारल्यावर मला 'संवर्धन पद्धतीचे प्रमाणीकरण केले' असे लिहायला सांगण्यात आले, आणि मी लिहिले. खोटे नव्हते ते, पण खरेही नव्हते. आमच्या लॅबमध्ये पुढच्या दोन वर्षांत आणखी एकाला हाच संसर्ग झाला, कारण माझ्या अहवालातून त्याला काहीच कळण्याजोगे नव्हते. न जमलेल्या प्रयोगाला प्रबंधात मानाची जागा नसली, की प्रत्येक पिढी तीच चूक स्वतःच्या खर्चाने नव्याने करते. प्रबंधात अपयशी प्रयोगांचे एक प्रकरण असायला हवे, आणि परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारायला हवेत, हे मला तेव्हापासून वाटते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप असा येईल, की वेळ वाढवून दिला तर लोक तो वापरतील. येथे मला एक उदाहरण स्वतःच्याच विरुद्ध मांडावे लागेल. कमला सोहोनी, त्या वेळच्या कमला भागवत, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्यांनी हट्ट धरल्यावर तो अटी घालून दिला. पुढे त्या केम्ब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाशी संबंधित प्रथिन असते हे त्यांनी दाखवले, आणि १९३९ मध्ये विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता आणि सगळे काम दीड वर्षाच्या आसपास आटोपले. मग आजच्यांनाच सहा वर्षे कशाला, असे कोणी विचारू शकेल. उत्तर असे, की त्या बंगळूरमध्ये आधीच तयार झाल्या होत्या, प्रश्न नेमका होता, पदार्थ बाजारातून आणलेल्या बटाट्यासारख्या वनस्पतींतून मिळत होता, आणि ज्या प्रयोगशाळेत त्या होत्या तिथे कशासाठीही कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नव्हती. काही विषय दीड वर्षात होतात. त्यांना तीन वर्षांची किमान अट कशाला, असाही प्रश्न यातून निघतो, आणि तो मला मान्य आहे. वेळ विषयाप्रमाणे ठरवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तो सर्वांना सरसकट वाढवून द्या असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो विद्यार्थ्यांकडूनच येतो. मुदत वाढली की काही मार्गदर्शक विद्यार्थ्याला आणखी एक वर्ष राबवतील. हाताला वळण लागलेला सहाव्या वर्षाचा विद्यार्थी हा लॅबमधला सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी कामगार असतो. नवख्यांना शिकवणे, उपकरणांची डागडुजी, प्रकल्पांचे अर्ज, सरांच्या व्याख्यानाची स्लाइड्स ही सगळी कामे त्याच्याकडे येतात, आणि 'अजून एक प्रयोग झाला की लिहायला घे' हे वाक्य तो दोन वर्षे ऐकत असतो. या शक्यतेकडे दुर्लक्ष करून कोणतीही सुधारणा करता येणार नाही. म्हणून सहाव्या वर्षाची फेलोशिप मार्गदर्शकाच्या शिफारशीवर देऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती नियमात आहेच, ती दर सहामाहीला भेटणेही अपेक्षित आहे; बहुतेक ठिकाणी ती चहा-बिस्किटांपुरती भेटते. चौथ्या वर्षाच्या शेवटी या समितीने, बाहेरचा एक सदस्य घेऊन आणि मार्गदर्शकाला बाहेर बसवून, विद्यार्थ्याशी बोलावे आणि दोनच गोष्टी लेखी नोंदवाव्यात : काम कोणत्या जीवामुळे, हंगामामुळे किंवा खरेदीमुळे अडले, आणि आता लिहायला बसण्यापुरते काम झाले आहे की नाही. झाले असेल तर प्रबंध सादर करण्याचा अधिकार मार्गदर्शकाच्या मर्जीविना मिळावा; झाले नसेल आणि कारण खरे असेल, तर सहाव्या वर्षाचे पैसे मिळावेत. आज प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ज्यांचे विद्यार्थी कारणाविना वारंवार रखडतात, त्यांच्या जागा त्या प्रमाणात कमी केल्या, तर 'अजून एक प्रयोग' या वाक्याची पुनरुक्ती आपोआप कमी होईल.

तिसरे म्हणणे मी थोडक्यात सोडून देतो : इतके पीएच.डी. हवेतच कशाला, नोकऱ्या आहेत कुठे? देशात पीएच.डी.ला नोंदणी केलेल्यांची संख्या २०१४-१५ मधल्या १ लाख १७ हजारांवरून २०२१-२२ मध्ये २ लाख १२ हजारांवर गेली, आणि आपल्या राज्यात महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भागवल्या जातात, हे खरेच आहे. किती जणांना घ्यायचे हा प्रश्न दारावर सोडवावा. एकदा आत घेतलेल्या माणसाला पाचव्या वर्षी उपाशी ठेवणे ही संख्या कमी करण्याची रीत होऊ शकत नाही.

दारावरून आठवले, बाहेर पडण्याच्या दारावरही असाच एक घोळ आहे. प्रबंध सादर केला की फेलोशिप थांबते. त्यानंतर तो बाहेरच्या परीक्षकांकडे जायचा, त्यांचे अहवाल यायचे, मग तोंडी परीक्षा व्हायची. सादर केल्यापासून सहा महिन्यांत हे सगळे पूर्ण करावे, असे आयोगाची नियमावली सांगते. कित्येक विद्यापीठांत वर्ष उलटते. विदेशातल्या प्रयोगशाळेतली जागा हाती असते, पण 'डॉक्टर' म्हणून कागद नसतो. तासिकेवरच्या महाविद्यालयातही तोच कागद मागतात. या काळात संशोधकाचे काहीही काम शिल्लक नसते, त्याने फक्त वाट पाहायची असते, आणि या विलंबात त्याचा वाटा शून्य असतो. माझी सूचना अशी, की सादरीकरणापासून तोंडी परीक्षेच्या दिवसापर्यंतची फेलोशिप विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून द्यावी. नियमाप्रमाणे सहा महिन्यांत काम उरकले, तर ही रक्कम २ लाख ५२ हजारांपलीकडे जाणार नाही. विद्यापीठाच्या खात्यातून दरमहा ४२ हजार रुपये जायला लागले, की परीक्षकाला पाठवायचे स्मरणपत्र नेमके कोणाच्या टेबलावर पडून आहे, याचा शोध पहिल्याच महिन्यात लागेल.